एकच फॅक्टर कमी आहे, मग बाकीचे सांभाळून का घेत नाहीत?

नमस्कार डॉक्टर,

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना पडला आणि ओठ आतून फाटला. तेव्हा दोन दिवस रक्त थांबायचं आणि परत सुरू व्हायचं. अंगावर निळे डाग नेहमीच दिसतात, पण धडपड्या आहे म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. गेल्या महिन्यात काही न लागता गुडघा सुजला. तपासण्या झाल्या. प्लेटलेट नॉर्मल. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या दोन तपासण्यांपैकी पीटी नॉर्मल, एपीटीटी मात्र खूप वाढलेला. मग फॅक्टर आठची पातळी काढली, ती १ टक्क्याहून कमी आली. हिमोफिलिया ए आहे असं सांगितलं आणि फॅक्टरची इंजेक्शनं नियमित घ्यायला सांगितली आहेत.

मला हे पटतही नाही आणि झोपही लागत नाही. बोटाला सुई टोचली तर त्याचं रक्त सगळ्यांसारखंच थांबतं. रक्तात गोठवणारे डझनभर घटक असतात म्हणे, मग एकच कमी असेल तर बाकीचे सांभाळून का घेत नाहीत? घरातली मोठी माणसं म्हणतात, रक्त आलं तर देऊ इंजेक्शन, उगाच सुया कशाला टोचायच्या. दोन्ही घराण्यांत हा आजार कुणालाच नाही, तरी ‘आईकडून येतो’ हे वाक्य मी रोज ऐकते. मला नऊ वर्षांची मुलगीही आहे. तिचं काय करू?

– एक आई

ताई,

तुमच्याकडचे सगळे रिपोर्ट खरे आहेत आणि ते एकमेकांशी नीट जुळतात. सुईचं रक्त लगेच थांबणं, ओठाचं रक्त थांबून पुन्हा येणं आणि गुडघा आपोआप सुजणं, या तिन्ही गोष्टींचं कारण एकच आहे. ते एकदा समजलं की इंजेक्शन कधी द्यायचं, यावरचा घरातला वादही सुटेल असं मला वाटतं. म्हणून आधी तेच सविस्तर सांगते.

रक्तवाहिनी फाटली की ती प्रथम स्वतःच आकसते. फाटलेल्या जागी आतलं कोलॅजन उघडं पडतं. व्हॉन विलेब्रँड नावाचं एक लांबलचक प्रथिन तिथे चिकटतं आणि वाहत्या रक्तातल्या प्लेटलेटना धरून ठेवतं. प्लेटलेट एकमेकींना बिलगतात आणि भोक बुजतं. शिवणकाम करणारे आधी धावदोरा घालतात आणि मग पक्की शिवण मारतात ना, तसा हा धावदोरा. कापड जागेवर राहतं, पण ओढ बसली की उसवतं. सुईच्या टोचण्याला किंवा लहानशा ओरखड्याला एवढंही पुरतं. तुमच्या मुलाच्या प्लेटलेट उत्तम आहेत, त्यामुळे त्याचा धावदोरा अगदी व्यवस्थित पडतो. हिमोफिलियात रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही. ते जास्त वेळ वाहत राहतं, किंवा थांबल्यासारखं वाटून तासाभराने, दिवसाभराने पुन्हा सुरू होतं.

पक्की शिवण फायब्रिनच्या धाग्यांची, आणि हे धागे तयार करणं हे फॅक्टरांचं काम. फॅक्टर ही रक्तद्रवात निष्क्रिय अवस्थेत फिरणारी प्रथिनं असतात. बहुतेक यकृतात बनतात. आठवा फॅक्टर मात्र मुख्यतः यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी बनवतात. एक फॅक्टर जागा झाला की तो पुढच्याचा ठरावीक जागी तुकडा पाडतो, त्याने तो पुढचा जागा होतो. १९६४ मध्ये इंग्लंडमधले मॅकफार्लेन आणि अमेरिकेतले डेव्ही व रॅटनॉफ यांनी, एकाच वर्षी पण वेगवेगळे, ही साखळी मांडली. त्या साध्या सरळ साखळीने तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, कारण शरीरात खरा प्रकार त्याहून गुंतागुंतीचा आहे.

सुरुवात टिश्यू फॅक्टरपासून होते. हा रक्तवाहिनीच्या बाहेरच्या पेशींवर असतो, त्यामुळे एरवी रक्ताची आणि त्याची गाठच पडत नाही. वाहिनी फाटली की तो सातव्या फॅक्टरला भेटतो. ही जोडी दहाव्याला जागं करते आणि दहावा थोडंसं थ्रॉम्बिन, म्हणजे फायब्रिनचे धागे घडवणारं प्रथिन, तयार करतो. हे थ्रॉम्बिन इतकं कमी असतं की त्यातून भक्कम जाळं विणलं जात नाही. इथेच शरीर एक शहाणपणाची गोष्ट करतं. रक्तातलंच एक रोधक प्रथिन येऊन ही पहिली वाट थोड्याच वेळात बंद करून टाकतं. ते आवश्यक असतं, कारण एका जखमेपायी सगळीकडे रक्त गोठायला लागलं तर माणूस रक्तस्रावापेक्षा लवकर जाईल.

वाट बंद व्हायच्या आत त्या थोड्याशा थ्रॉम्बिनने मात्र आपलं काम केलेलं असतं. त्याने पाचव्या, आठव्या आणि अकराव्या फॅक्टरला जागं केलेलं असतं, प्लेटलेटनाही चेतवलेलं असतं. आता प्लेटलेटच्या पृष्ठभागावर नववा आणि आठवा फॅक्टर एकत्र बसतात आणि दहाव्याला जागं करण्याचं काम पुन्हा, पण प्रचंड वेगाने सुरू करतात. यात कापण्याचं काम नववा करतो. आठवा स्वतः काहीच कापत नाही. तो नवव्याला आणि दहाव्याला एकमेकांसमोर बरोबर कोनात धरून ठेवतो. एवढ्याशा धरण्याने कामाचा वेग लाखाच्या पटीत वाढतो. मग थ्रॉम्बिनचा लोंढा येतो, फायब्रिनोजेनचे धागे होतात आणि शेवटी तेरावा फॅक्टर त्या धाग्यांना आडव्या गाठी मारून जाळं घट्ट करतो.

आता तुमच्या मुलाच्या शरीरात काय होतं ते पाहा. पहिलं थोडं थ्रॉम्बिन बनतं, कारण सातवा, दहावा, पाचवा सगळे शाबूत आहेत. मग पहिली वाट ठरल्याप्रमाणे बंद होते. आणि दुसरी उघडतच नाही, कारण नवव्याला धरणारा आठवा तिथे नाही. जो लोंढा यायला हवा तो येत नाही, धागे विरळ पडतात, तेराव्याच्या गाठी पुरेशा बसत नाहीत. अशी कच्ची गुठळी शरीरातलं प्लाझमिन सहज विरघळवतं. तोंडात तर लाळेतही गुठळी विरघळवणारे पदार्थ असतात, म्हणून ओठाचं रक्त दोन दिवस येत-जात राहिलं.

बाकीचे सांभाळून का घेत नाहीत, याचं उत्तर हे. प्रत्येक फॅक्टरचा आकार एकाच ठिकाणी बसतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. (आकडे पाहून ‘आठवा म्हणजे आठव्या पायरीवरचा’ असं मात्र समजू नका. रोमन आकडे साधारणपणे शोध लागला त्या क्रमाने दिले गेले. सहावा फॅक्टर तर यादीत उरलेलाच नाही, कारण तो पाचव्याचंच जागं झालेलं रूप निघाला.)

याचा फार सुंदर पुरावा १९५२ साली मिळाला. हिमोफिलियाच्या दोन रुग्णांचं रक्त एकत्र केलं तर ते नीट गोठतं, असं काही डॉक्टरांच्या लक्षात आलं. दोघांतही एकच गोष्ट कमी असती तर असं झालं नसतं. म्हणजे एकाकडे जे नव्हतं ते दुसऱ्याकडे होतं. त्यांतला एक स्टीफन ख्रिसमस नावाचा पाच वर्षांचा मुलगा होता. त्याच्यात नववा फॅक्टर कमी होता, म्हणून त्या आजाराला कितीतरी वर्षं ख्रिसमस डिसीज म्हणत. आज आपण त्याला हिमोफिलिया बी म्हणतो. आठवा नसो की नववा नसो, लक्षणं जवळजवळ सारखीच दिसतात, कारण दोघांचं काम एकाच जोडीतलं आहे.

रिपोर्टचा उलगडाही यातच आहे. पीटी तपासणीत नमुन्यात भरपूर टिश्यू फॅक्टर घालतात. पहिलीच वाट इतकी मोठी उघडली जाते की आठव्याची गरज पडत नाही, म्हणून तो नॉर्मल येतो. एपीटीटीमध्ये सुरुवात बाराव्यापासून होते आणि अकरावा, नववा, आठवा असं करत जावं लागतं. तिथे गाडी अडते. पण केवळ एपीटीटी वाढला म्हणजे हिमोफिलिया असं होत नाही. बारावा फॅक्टर नसलेल्या माणसांचा एपीटीटी भलताच वाढलेला असतो आणि त्यांना रक्तस्रावाचा त्रास मुळीच होत नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी आठव्याची पातळी वेगळी काढली, ते अगदी योग्य केलं. एक गोष्ट तेवढी विचारून घ्या: व्हॉन विलेब्रँडची तपासणी झाली आहे का? आठवा रक्तात त्याच प्रथिनाला धरून फिरतो. ते नसेल तर आठवाही टिकत नाही आणि मग आजार वेगळा, उपचारही वेगळा. माझ्या मते या तपासणीशिवाय निदान पूर्ण झालं असं म्हणू नये.

‘रक्त पातळ आहे, काहीतरी पौष्टिक द्या’ असं कुणी सुचवत असेल तर त्याने पातळी वाढणार नाही. दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे फॅक्टर बनताना व्हिटॅमिन के लागतं. आठवा त्यात नाही. त्याची कृती लिहिलेलं जनुकच बिघडलेलं असताना कुठलाही आहार किंवा टॉनिक तो तयार करू शकत नाही.

आता इंजेक्शनांचं. इथे मी घरातल्या मोठ्यांचा आदर राखून, पण स्पष्ट सांगते: रक्त दिसेपर्यंत थांबू नका. ज्या रक्तस्रावाने या मुलांचं आयुष्य बदलतं तो बाहेर दिसतच नाही. तो सांध्यात होतो. सांधे आणि स्नायू यांत टिश्यू फॅक्टर मुळातच कमी असतो, त्यामुळे तिथे पहिली वाटही अरुंद आणि सगळी भिस्त आठव्या-नवव्याच्या जोडीवर. रोजच्या धावण्या-उडी मारण्यात गुडघ्याच्या आत बारीक वाहिन्या तुटतात. तुमच्या-माझ्या गुडघ्यात त्या कळायच्या आत बंद होतात, त्याच्या गुडघ्यात रक्त साठत जातं. त्या रक्तातलं लोह सांध्याच्या अस्तराला चिडवतं, अस्तर सुजून जाड होतं, त्यात नव्या नाजूक वाहिन्या येतात आणि त्या आणखी सहज फुटतात. एकाच सांध्यात असं पुन्हा पुन्हा झालं की कूर्चा झिजते. झिजलेली कूर्चा परत येत नाही.

नियमित इंजेक्शनांची कल्पना एका साध्या निरीक्षणातून आली. आठव्याची पातळी १ टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र, १ ते ५ मध्ये असेल तर मध्यम, त्याहून जास्त पण ४० च्या आत असेल तर सौम्य धरतात. मध्यम गटातल्या मुलांचे सांधे फारसे खराब होत नाहीत, हे स्वीडनमधल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि १९५८ मध्ये विचार केला की तीव्र मुलाला अधूनमधून फॅक्टर देऊन मध्यम गटात ठेवलं तर? तिथून ही पद्धत सुरू झाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत लहान मुलांचे दोन गट केले होते. एका गटाला नियमित फॅक्टर दिला, दुसऱ्याला फक्त रक्तस्राव झाल्यावर, तोही भरपूर. सहा वर्षांच्या वयात एमआरआय काढले. नियमित गटातल्या ९३ टक्के मुलांचे तपासलेले सांधे चांगले होते, दुसऱ्या गटात ५५ टक्के मुलांचे. इथे उपचार न मिळालेली मुलं कुठल्याच गटात नव्हती, हे लक्षात घ्या. फरक फक्त आधी देण्याचा आणि नंतर देण्याचा होता. घरात हेच दोन आकडे सांगा.

आठवड्यातून दोन-तीनदा कशाला, असा पुढचा प्रश्न येईल. ढोबळ हिशेब असा: वजनाच्या दर किलोमागे १ युनिट दिलं की आठव्याची पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते. समजा मूल १६ किलोचं आहे आणि ३२० युनिट दिले, तर पातळी ४० च्या आसपास जाईल. पण आठवा साधारण ८ ते १२ तासांत निम्मा होतो. बारा तास धरले तरी ४० चे २०, मग १०, मग ५, आणि दोन दिवसांनी अडीच. तिसऱ्या दिवशी मूल पुन्हा धोक्याच्या पातळीजवळ. लहान मुलांत तो याहूनही लवकर संपतो. प्रत्यक्ष डोस तुमचे रक्तविकारतज्ज्ञच ठरवतील. मी आकडे दिले ते वेळापत्रकाचं कारण कळावं म्हणून.

शीर शोधण्याचा त्रास फार होत असेल तर एमिसिझुमॅब या औषधाबद्दल विचारा. ते फॅक्टर नाही. ती दोन हातांची अँटिबॉडी आहे. एका हाताने नवव्याला आणि दुसऱ्या हाताने दहाव्याला धरते, म्हणजे आठव्याचंच काम त्याच्याशिवाय करते. त्वचेखाली द्यायचं, आठवड्याला, पंधरवड्याला किंवा चार आठवड्यांतून एकदा. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये पहिली मान्यता मिळाली. ते चालू असताना नेहमीची एपीटीटी तपासणी फसवी येते, हे कुठल्याही नव्या डॉक्टरांना आठवणीने सांगावं लागतं. आणि मोठी दुखापत किंवा शस्त्रक्रिया असेल तर फॅक्टर तरीही लागू शकतो.

फॅक्टर सुरू केल्यावर एका गोष्टीकडे डोळे उघडे ठेवा. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या मुलांपैकी सुमारे २५ ते ३० टक्के मुलांचं शरीर बाहेरून दिलेल्या आठव्याला परका समजून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. डॉक्टर याला इन्हिबिटर म्हणतात. हे बहुतेकदा पहिल्या ५० डोसच्या आत घडतं. त्यामुळे सुरुवातीच्या काळात ही तपासणी ठरावीक अंतराने झालीच पाहिजे, आणि ‘इंजेक्शन देऊनही सूज उतरत नाही’ असं दिसलं तर त्याच दिवशी कळवा. यावर मार्ग आहेत, उशीर मात्र करू नका.

सांध्यात रक्त यायला लागलं की सूज दिसण्याआधी मुलाला तिथे मुंग्या आल्यासारखं किंवा गरम वाटतं. लहान मूल ते शब्दांत सांगत नाही, पाय उचलून धरतं, लंगडतं. फॅक्टर द्यायची वेळ ती. डोक्याला जोरात लागलं तर स्कॅनची वाट न पाहता आधी फॅक्टर, मग स्कॅन. मानेला, घशाला, पोटाला मार लागला तरी तेच. ताप किंवा दुखणं असेल तर पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नकोत, कारण त्यांनी प्लेटलेट मंदावतात आणि त्याच्याकडे जो एक धावदोरा शाबूत आहे तोही ढिला होतो. लसी चुकवू नका, फक्त बारीक सुईने आणि नंतर काही मिनिटं दाबून. आणि त्याला बसवून ठेवू नका. बळकट स्नायू सांध्याला आधार देतात, पोहणं त्यासाठी फार चांगलं.

आता त्या वाक्याबद्दल, जे तुम्ही रोज ऐकता.

आठव्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स आईकडून मिळतो. जैविकदृष्ट्या ‘आईकडून येतो’ याचा अर्थ एवढाच. त्यात तुमची चूक शोधणं अन्यायाचं आहे, आणि ते मी घरातल्या प्रत्येकाला समोर बसवून सांगायला तयार आहे. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात आधी कुणालाच हा आजार नसतो, जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. तीव्र हिमोफिलिया ए च्या जवळपास निम्म्या रुग्णांत हा बदल एकाच प्रकारचा सापडतो, जनुकाचा मोठा भाग उलटा बसलेला. आणि ही उलटापालट जवळजवळ नेहमी शुक्रजंतू तयार होताना घडते. म्हणजे कित्येकदा ती मुलाच्या आईच्या वडिलांच्या शरीरात, आई जन्मण्याच्याही आधी, कुणाच्याही नकळत झालेली असते. कुणी काही खाल्लं, केलं, टाळलं याच्याशी तिचा संबंध नाही.

मुलाची जनुक तपासणी झाली की नेमका बदल कळेल, मग तोच बदल तुमच्या रक्तात आहे का हे पाहता येईल. तुम्ही वाहक निघालात तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात मुलगा झाल्यास त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाल्यास ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. तुमच्या रक्तात बदल सापडला नाही तरी काही बीजांडांत तो असू शकतो, म्हणून अशा वेळीही जनुक समुपदेशकांशी बोलूनच ठरवा.

मुलीसाठी दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि त्यांची वेळ वेगळी आहे. फॅक्टर आठची पातळी आताच काढा. वाहक मुलींच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो आणि तो कुठला, हे नशिबावर ठरतं. निरोगी एक्स जास्त पेशींत बंद असेल तर पातळी ४० च्याही खाली जाते आणि तिला स्वतःला सौम्य हिमोफिलिया असतो. ‘मुलींना हा आजार होत नाही’ या समजापायी कित्येकींनी वर्षानुवर्षं अतिरिक्त पाळीचा त्रास सोसला आहे. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे, पाळी सुरू व्हायच्या आत तिची पातळी माहीत असलेली बरी. पातळी चांगली आली तरी ती वाहक नाही असं त्यावरून ठरत नाही. ते जनुक तपासणी सांगेल, आणि त्याची घाई नाही. ती कळती झाली, स्वतः प्रश्न विचारायला लागली की तिच्या संमतीने करा. पातळी कमी निघाली तर तो आकडा तिच्या कागदपत्रांत ठेवा आणि दात काढणं, टॉन्सिलचं ऑपरेशन असं काहीही ठरलं तर संबंधित डॉक्टरांना आधी कळवा. सौम्य कमतरतेत पुष्कळदा डेस्मोप्रेसिन पुरतं. ते शरीरात साठवलेला आठवा बाहेर आणतं, पण प्रत्येकाला सारखं लागू पडत नाही, म्हणून गरज पडण्याआधी एकदा देऊन पातळी किती वाढते ते बघून ठेवतात.